चौतीसचा कार्बोरेटर नवी पेठेत

मातीच्या ट्रॅकवर माझ्या भावाने इतकी वर्षं मोटारसायकल उडवली, पण रेसमध्ये कधी हाड मोडून घेतलं नाही. मोडलं ते पाण्याच्या दिवशी. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्या दिवशी घराघरात लगीनघाई असते. त्या गडबडीत दादा गच्चीवरची टाकी धुवायला शिडीवर चढला, शिडी सरकली आणि तो उजव्या हातावर आला. कोपर गेलं, मनगट गेलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात सरळ दिसत होता, पण बोटं मिटत नव्हती. अंगठा आणि पहिलं बोट थोडं हलायचं. बाकीची तीन नुसती हाताला लावून ठेवल्यासारखी.

दादा लूमचा फिटर. माग अडला की तो कुठल्या दात्यात अडलाय हे त्याला दारातूनच ऐकू येतं. बोटांवर त्याचं पोट आहे आणि उजव्या हातावर त्याची गाडी, कारण ॲक्सिलरेटरची मूठ पिळायची ती उजव्या हाताने. डॉक्टर म्हणाले, शीर दबली आहे, फिजिओथेरपीला, बोटांच्या व्यायामाच्या केंद्रात रोज जा, उशीर केला तर बोटं अशीच आखडतील. दादाने मान डोलावली आणि घरी येऊन ओट्यावर बसला तो बसलाच.

आता मला बसणं माहीत नाही. आमचा बोळ एकच, माझं सासर एका टोकाला, माहेर दुसऱ्या टोकाला. त्या दिवसांत मी बोळातून इतक्या फेऱ्या मारल्या की नवरा म्हणाला, तिथेच एक खाट टाकून घे. दादा ओट्यावर शांत बसलेला दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. वहिनी बिचारी रडून गप्प झाली होती. मी गप्प होणाऱ्यातली नाही.

"रिक्षा बोलावते, चल."

"रिक्षात बसून हात चोळून घ्याया जायचो न्हाय मी."

"मग माझ्या स्कूटरवर चल."

"त्या पिपाणीवर? न्हाय."

"मग कशावर येणार महाराज? पालखी मागवू?"

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून मला बरं वाटलं, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझ्या गाडीवर," तो म्हणाला. "माझाच कार्बोरेटर. भर दुपारी नवी पेठेतनं ने. एकदा बी बंद न पडता. मग येतो. शब्द हाय."

नवी पेठ म्हणजे गावातला सगळ्यात गर्दीचा बाजार. हे म्हणजे नाही म्हणण्याचीच एक तऱ्हा होती, आणि ती आम्हा दोघांनाही कळत होती.

दादाची गाडी जुनी, टू-स्ट्रोक. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला भरवणारं भांडं. गाडीच्या मूळच्या कार्बोरेटरच्या तोंडात बोर जेमतेम गेलं असतं. दादाने बसवला होता तो रेसचा, चौतीसचा, म्हणजे चौतीस मिलिमीटर तोंडाचा. त्यात लिंबू जाईल. पुढे कर्ण्यासारखं उघडं, चकचकीत तोंड, जाळी नाही, फिल्टर नाही, काही नाही. ट्रॅकवर मूठ पूर्ण पिळलेली असते तेव्हा हे भांडं असं काही भरवतं की गाडी हातातून निसटू पाहते. पण बारीक नळीतून फुंकर जोरात जाते आणि रुंद पाइपात फुंकलं तर पलीकडे कळतसुद्धा नाही, तसं त्याचं आहे. सावकाश चालताना हवा त्या मोठ्या तोंडात रेंगाळते, पेट्रोल उचलतच नाही, आणि उचललं तर एकदम घोटभर. गाडी झटके मारते, भरून येते, फटफट करून मरते. त्या कार्बोरेटरला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, बंद आणि भन्नाट.

जुना कार्बोरेटर परत बसवायचा विचार पहिल्याच दिवशी माझ्या मनात आला. पण दादाने मोठ्यासाठी इंजिनाचं तोंड कापून रुंद केलेलं. परतीची वाट त्याने स्वतःच बुजवली होती.

"ही तुझ्यासारकीच हाय," तो ओट्यावरून म्हणाला. "हिला उभं राहता येत न्हाय."

"तुझ्यासारखं बसण्यापेक्षा बरं," मी म्हणाले आणि कार्बोरेटर खोलायला घेतला.

मला हे काम अगदीच नवं नव्हतं. आमचं मूळ गाव जेऊरच्या पलीकडे, उजनीच्या पाण्याकाठी. तिथे केळीच्या बागांना पाणी चढवणाऱ्या इंजिनांशी खेळत दादा मोठा झाला आणि त्याच्या मागे मीही. गाडी त्यानेच मला शिकवली, धरणाकाठच्या कच्च्या रस्त्यावर. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी बुचं; ती, सुई, स्क्रू मला माहीत होते. पण गाडी जोरात पळवण्यासाठी. सावकाश चालवण्यासाठी कसे लावायचे ते त्यालाही माहीत नव्हतं, कारण सावकाश चालवायचं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मग मी चूक केली, जी या नादातला प्रत्येक जण करतो. मोठ्या जेटच्या मागे लागले. तो बदल, बारीक घाल, अजून बारीक घाल. फरक शून्य. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. तिथे एक दिवस कापडावर खडूच्या खुणा करता करता डोक्यात प्रकाश पडला. खडूचा तुकडा घरी आणला आणि मुठीवर खुणा केल्या. बंद, पाव, अर्धी, पूर्ण. गाडी घेऊन नवी पेठेत शिरले. कापडाच्या दुकानांपुढे बायकांची झुंबड, मधे रिक्षा, मधे हातगाडी, मधे कोणीतरी सोनाराच्या दारात उभं राहून अख्ख्या खानदानाशी फोनवर बोलतंय. गाडी बंद पडली, किक मारली, परत बंद पडली. रिक्षावाला ओरडला, "क्या आपा, दिवाली से पैलेच फटाके फोड रै क्या?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून मुठीकडे पाहत होते. सगळ्या पेठेत खडूची खूण पावच्या पुढे एकदाही सरकली नाही. मोठा जेट तिथे कामालाच येत नव्हता. पाव मुठीपर्यंत सगळा कारभार बारक्या जेटचा आणि बाहेरच्या एका छोट्या हवेच्या स्क्रूचा, आणि त्यांना मी हातही लावला नव्हता.

घरी येऊन दादाला सांगितलं. तो आढ्याकडे पाहत म्हणाला, "कळलं व्हय उशिरानं का होईना." पण थोड्या वेळाने त्याने विचारलं, "स्क्रू किती फेरं भाईर हाय?" मी सांगितलं. "लई झालं. आत घे." एवढंच बोलला. मला तेवढं पुरलं.

त्यानंतर रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी अक्कलकोट रोडला एक चक्कर मारायची आणि परत येऊन ओट्यापुढे गाडी उभी करायची. दादा तोंड फिरवून बसायचा आणि कान माझ्याकडे ठेवायचा. "भरतीया," म्हणजे पेट्रोल जास्त, "सुकी चाललीया," म्हणजे कमी, "सुई एक खाच खाली घे." उपकार केल्यासारखा बोलायचा. मी उलट बोलायची आणि सांगितलेलं करायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इंजिन आपलं आपलं उभं राहिलं. टुक टुक टुक, मूठ सोडून दिलेली, आणि तरी चालू. मी आनंदाने वहिनीला मिठी मारली. दादा उठून आत निघून गेला.

दसऱ्याला वहिनीने गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाला नारळ वाढवला. मी दुपारी जेवून आले आणि किक मारली. गाडी सुरू झाली, काळा धूर सोडला आणि मेली. परत किक, परत धूर. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. काल चालत होती ती हीच गाडी! मी सगळं परत खोललं. बारका जेट बदलला, आणखी बारीक घातला, सुई हलवली, स्क्रू आत-बाहेर करून हातांना फोड आले. दुसरा दिवस त्यातच गेला. इतके दिवस जमवत आणलेलं सगळं माप मीच विस्कटून टाकलं आणि गाडी आणखीच बिघडली. मी पाना जमिनीवर आपटला आणि मोठ्याने म्हणाले, "मरू दे! नाही जायचं तर नको जाऊस, तुझा हात आणि तू!"

दादा उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो गाडीपाशी येऊन उकिडवा बसला. कार्बोरेटरच्या तोंडाकडे बघत राहिला. मग हाक मारली, "अगं ए, दसऱ्याला गाडीला हळदकुंकू कुटं लावलंस?"

वहिनी पदराला हात पुसत आली. "टाकीला लावलं, हँडलला लावलं, आन् तोंडाला."

"कुटलं तोंड?"

"हेच की," तिने त्या चकचकीत कर्ण्याकडे बोट दाखवलं. "तेलात कालवून चांगलं बोट भरून लावलं. वन्सं एवढ्या त्याच्या पाया पडत्यात रोज, म्हणलं आसंल काय तरी. आत एक फूल बी ठिवलं होतं."

मी कपाळावर हात मारला. कर्ण्याच्या काठावर आत एक सुईच्या अग्राएवढं भोक असतं. त्यातून बारक्या जेटला हवा जाते. ते भोक तेलातल्या कुंकवाने गच्च भरलं होतं. फूल मी किक मारताना इंजिनाने कधीच गिळलं होतं. हवा बंद, नुसतं पेट्रोल. आणि मी दोन दिवस जेटला शिव्या घालत होते. मला रडू येत होतं आणि हसूही. वहिनी घाबरून म्हणाली, "गाडीला काय झालं का?" दादा म्हणाला, "न्हाय, परसाद लई झाला."

आम्ही तिघं हसलो. हसता हसता दादाने माझ्या हातातली तांब्याची बारीक तार घेतली. सवयीने घेतली, उजव्या हातात. अंगठ्यात आणि पहिल्या बोटात ती टिकली. भोकापाशी नेली, आणि तिथे तार निसटून धुळीत पडली. त्याने ती उचलायचा प्रयत्न केला. ती सारखी बोटांखाली लोळत राहिली. मला बघवेना. मी झटकन वाकून तार उचलली.

"दे म्हणलं व्हतं का मी?" तो ओरडला.

वहिनी आत गेली. दादा तसाच उकिडवा बसून राहिला आणि जमिनीला सांगितल्यासारखं हळू बोलला, "तितं गेलो आन् ती व्यायामाची बाई म्हणली, बोटं यायची न्हाईत. मग? हितं बसलोय तवर आजून कुणी म्हणलेलं न्हाय."

तेव्हा मला कळलं की मी कार्बोरेटरशी भांडत नव्हते. माझा भाऊ भीत होता. शेतात नांगरलेल्या ढेकळांवरून गाडी हवेत नेणारा माणूस एका व्यायामाच्या खोलीला भीत होता. मला त्याची कीव आली, आणि तितकाच राग आला. मी कधी नव्हे ते गप्प राहिले आणि भोक साफ केलं.

माप पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं. कारखान्यातून पायमोज्याचं कापड आणून त्या तोंडाला दुहेरी बुरखा बांधला, म्हणजे धूळ, लूमची कापसाची रुई आणि वहिनी, तिघींपासूनही बचाव. कापडाने हवा अडते, म्हणून पुन्हा जेट बदलला. सकाळी गाडी सोन्यासारखी चालायची आणि दुपारी पेठेत भरून यायची. हे कोडं मात्र दादाने पुढाकार घेऊन सोडवलं. "गार वाऱ्यात माप लावतीस आन् उन्हात चालवतीस. उन्हानं हवा पातळ हुती. दुपारची लाव की." ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, फरशीचे चटके खात मी दुपारचं माप लावलं. हवेचा स्क्रू पाव फेरा बाहेर, मग त्याच्याही निम्मा आत. शेवटी शेवटी फरक कानाला नाही, पोटात कळायचा. दादाला कानाला कळायचा.

मग एका दुपारी मी एकटी नवी पेठेतून या टोकाकडून त्या टोकाला गेले आणि परत आले. दिवाळीची खरेदी सुरू झाली होती, गाडीला गाडी लागलेली. पायी चालणारे माझ्या पुढे निघून जात होते आणि माझं इंजिन मधेमधे कुरकुरत, पण जिवंत. घरी आले, गाडी ओट्यापुढे लावली, चालूच ठेवली.

"चप्पल घाल," मी म्हणाले.

दादाने इंजिनाकडे कान केला. बराच वेळ ऐकलं. काही खोट सापडते का बघत असावा. सापडली नाही. मग त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने चप्पल पुढे सरकवली.

तो मागे बसला तेव्हा गाडी दबली आणि आवाज बदलला. माझा जीव टांगणीला लागला. दोघांच्या वजनाचं माप मी लावलंच नव्हतं! आता काय करणार, पहिला गिअर टाकला. दादाचा डावा हात माझ्या खांद्यावर, उजवा त्याच्या मांडीवर. पेठेच्या तोंडाशी गर्दीत शिरलो. रिक्षा आडवी आली, क्लच दाबला, इंजिन गुरगुरलं, खाली बसलं, आता मेलं असं वाटलं आणि पुन्हा उचललं. दादा कानाशी पुटपुटत होता. "पिळू नको. जराशी. सोड. आता घे." त्याचा आवाज ट्रॅकवरचा होता. एक साडीवाला दुकानातून म्हणाला, "ओ ताई, रेस कुटं हाय?" दादाने मागून उत्तर दिलं, "हीच की!" मी हसले, पण घामाने हात निसटत होते. पेठ संपली. गाडी बंद पडली नव्हती.

केंद्राच्या दारात झाडाखाली थांबलो. गाडी टुक टुक उभी. दादा उतरला आणि तिथेच खिळला. मी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे. चालू ठेव," तो म्हणाला. "मी येस्तवर. हात लावू नको तिला. पिळू नको. आपली आपली उभी ऱ्हाऊ दे."

"दादा, टू-स्ट्रोक आहे, तापेल."

"तापू दे."

तो आत गेला आणि मी गाडीवर बसून राहिले. माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा नाही. मूठ हाताखाली, आणि पिळायची नाही. कुरकुर ऐकायची आणि काही करायचं नाही. वॉचमन येऊन म्हणाला, "ताई, गाडी बंद करा की, धूर आत जातोय." मी म्हटलं, "माझा भाऊ आत गेलाय." त्याला हे काही उत्तर वाटलं नाही, पण माझा चेहरा बघून तो गेला. इंजिन तापत चाललं. आवाज जड झाला, एक ठोका चुकला, दोन चुकले. मी दोन्ही हात टाकीवर दाबून धरले. वेड्यासारखं मनात म्हणत होते, ऱ्हा, ऱ्हा, ऱ्हा. आणि ते थांबलं.

मग मी झटक्यात उभी राहून किक मारली. एका किकमध्ये उचललं. कुणाला कळायच्या आत सगळं पुन्हा टुक टुक.

दादा बाहेर आला. हातात स्पंजचा पिवळा चेंडू होता. चेहऱ्यावरून काही कळेना. जवळ येऊन तो गाडीकडे बघत म्हणाला, "एकदा गेली."

खोटं बोलायचं होतं मला, पण त्या कानांपुढे काय बोलणार. "हो," मी म्हणाले. "परत किक मारली."

"ऐकलं की आतनं." त्याने टाकीवर हात ठेवला. "ती म्हणली, आताच काय सांगता येत न्हाय. रोज या म्हणली."

"मग?"

त्याने चेंडू माझ्या हातात दिला आणि उजवा हात किल्लीकडे नेला. अंगठा आणि पहिलं बोट किल्लीला लागलं. पिळता येईना, बोटं घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. मला एका सेकंदात ती किल्ली फिरवता आली असती. मी चेंडू इतका घट्ट दाबला की त्याचा लगदा झाला, पण हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा घसरल्यावर दादाने हात खाली घेतला आणि पँटला पुसला.

"उद्या," तो म्हणाला आणि माझ्या मागे बसला. "आन् स्क्रू जरा आत घ्याया पायजे. घरी गेल्यावर मी सांगतो."

मी चेंडू त्याच्याकडे परत दिला, पाव मूठ पिळली आणि गाडी पुन्हा नवी पेठेत घातली.